दामदुप्पट आणि नवं-जुनं

रिझर्व्ह बँकेने कर्जावरील व्याजाविषयी बँकांना दिलेल्या सूचनांचा संच मोठा आहे. त्यात एक छोटी सूचना अशी: अत्यल्प आणि अल्पभूधारक शेतकऱ्याला दिलेल्या अल्पमुदतीच्या कर्जावर बँकेने खात्यात लावलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. अल्पमुदतीचे म्हणजे मुख्यतः पीककर्ज, आणि अल्पभूधारक म्हणजे पाच एकरांच्या आतला. पन्नास हजार घेतले असतील तर व्याज फार तर पन्नास हजार, पुढे एक रुपयाही नाही. जूनमध्ये काटोल, कुही, भिवापूरच्या शाखांसमोर सातबारा आणि आठ-अ घेऊन उभ्या राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ही सूचना कोणी सांगितलेली नसते. व्याजदरांच्या तक्त्याशेजारी ती लावलेली मला कुठल्याही शाखेत दिसलेली नाही.

हा नियम रिझर्व्ह बँकेचा नाही. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्याला आपण दामदुप्पट म्हणत आलो. बँका गरिबाला जबाबदारीने कर्ज देतात का, हा प्रश्न आज नवा वाटतो. पण या भूमीवर ऋणकोच्या बाजूने जी एक मर्यादा सर्वांत जास्त काळ टिकली, ती हीच. तिचा माग काढत नागपूरपर्यंत आले की ती कुठे कुठे मोडली आणि कोणत्या वाटेने मोडली, हे स्पष्ट दिसते. मोडण्याची वाट प्रत्येक काळात एकच होती.

गौतमाच्या धर्मसूत्रात नियम अगदी थोडक्यात आहे: कर्ज कितीही काळ थकले तरी दुपटीवर थांबते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तोच नियम जास्त तपशिलाने येतो. रोख रकमेला दुपटीची मर्यादा. धान्य, फळे, लोकर आणि ओझ्याची जनावरे यांना पाचपटीची. याज्ञवल्क्याने तारणाच्या कर्जाला महिन्याला ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा दर ठरवला, वर्षाला पंधरा टक्के. या दराने व्याज मुद्दलाइतके व्हायला ऐंशी महिने लागतात. सहा वर्षे आठ महिने हा काळ कमी नाही. एखाददुसरा दुष्काळ पडला तरी सावरायला तेवढ्यात उसंत मिळते.

पण तारण नसलेल्याचे काय? तिथे हीच स्मृती वर्ण पाहते. महिन्याला ब्राह्मणाने दोन टक्के द्यावेत, क्षत्रियाने तीन, वैश्याने चार आणि शूद्राने पाच. आता दुपटीच्या मर्यादेशी हे जुळवून पाहा. दोन टक्क्यांनी व्याज मुद्दलाइतके व्हायला पन्नास महिने लागतात, पाच टक्क्यांनी वीस. एकाच सावकाराकडून एकाच दिवशी तेवढीच रक्कम घेतलेली दोन माणसे, आणि ज्याच्याजवळ सगळ्यांत कमी आहे तो मर्यादेच्या भिंतीशी अडीचपट वेगाने जाऊन आदळतो. १९२७ मध्ये महाडला ज्या मनुस्मृतीची होळी झाली, तिच्यातही असलेली ही शिडी दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्या माणसाने विसरू नये. कौटिल्याने दर ठरवताना धंद्याची जोखीम पाहिली होती: साध्या कर्जाला सव्वा टक्का, व्यापाराला पाच, रानवाटेने माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. त्याला निदान धंद्याचा आधार होता. वर्णाच्या शिडीला दुर्बलतेखेरीज कसलाच आधार नव्हता. ‘जोखमीनुसार व्याजदर’ हे आजच्या कर्ज देणाऱ्यांचे आवडते तत्त्व मी ऐकतो तेव्हा ते या दोन शिड्यांपैकी कोणत्या शिडीवर उभे आहे, हे तपासून घेतो.

मनुस्मृतीच्या त्याच आठव्या अध्यायात थोडे पुढे आणखी एक तरतूद आहे, आणि या लेखाचा कणा तीच आहे. ज्याला कर्ज फेडता येत नाही त्याने चढलेले व्याज चुकते करून कागद नवा करावा. व्याजही देता येत नसेल तर ते नव्या कागदात मिळवावे. म्हणजे थकलेले व्याज मुद्दल झाले, आणि दुपटीची मोजणी त्या वाढलेल्या आकड्यापासून पुन्हा सुरू झाली. धुरा घालणाऱ्यानेच धुऱ्याला खांड ठेवावी, तसे हे झाले. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही दामदुपटीचे खटले चालवताना हेच मान्य केले: उभयपक्षी नव्या कराराने व्याज मुद्दलात मिळवले असेल तर त्या साऱ्या रकमेला मुद्दलच समजावे. आपल्याकडे खेड्यात याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात.

अकराव्या-बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात व्यवहारमयूख रचला. महाराष्ट्रातल्या कज्जांसाठी इंग्रजी न्यायाधीशांनी हेच दोन ग्रंथ पुढे आधाराला घेतले आणि त्यांच्यातून दामदुप्पट ब्रिटिश न्यायालयांत पोहोचली.

मधल्या काळातला एक दस्तऐवज मला सगळ्यांहून महत्त्वाचा वाटतो. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामजी अनंत याला पाठवलेले पत्र. गावोगाव जा, कुळे गोळा कर, कोणाजवळ माणूसबळ आहे पण बैल नाहीत, बी-दाणा नाही, ते पाहा, असे त्यात सांगितले आहे. मग त्याला बैलासाठी पैसे द्या, पोटाला आणि पेरणीला धान्य द्या. परत घेताना वाढीदिढी करू नका, मुद्दलच घ्या, आणि तेही त्याची तवानगी येईल तसे हळूहळू. स्मृतींनी सावकाराच्या मागणीला वरून झाकण घातले होते. या पत्रात कर्ज देण्याआधीच माणसाच्या गरजेची पाहणी आहे आणि वसुलीचा वेग त्याच्या ऐपतीला बांधलेला आहे. ‘जबाबदार कर्जपुरवठा’ या आजच्या कल्पनेतले जे सार आहे, ते मराठी राज्यकारभाराच्या कागदात साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिले गेले होते. हे राज्याचे पैसे होते आणि राज्याला पडीक जमीन लागवडीखाली आणायची होती, हे खरे. पण कर्ज देणाऱ्याचे हित घेणाऱ्याच्या उभे राहण्यात आहे, हे त्या पत्राच्या लेखकाला नीट समजले होते.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, इंग्रज सरकारने व्याजावर कमाल मर्यादा घालणारे कायदे रद्द केले आणि करारात जो दर लिहिला असेल तोच ग्राह्य धरायचे ठरले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी. १८६० च्या दशकातल्या जमाबंदीने मालगुजारांना गावांची मालकी दिली. जमीन विकता येऊ लागली, म्हणून ती गहाण ठेवता येऊ लागली, म्हणून ती जाऊही शकत होती. अमेरिकेतल्या यादवीने कापसाचे भाव चढले होते. ते उतरत असताना, १८६७ मध्ये, मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. पीक बाजारासाठी, बाजार परदेशी, आणि पेरणीचा पैसा सावकाराचा, हा विदर्भाचा त्रिकोण तेव्हा बसला तो अजून मोडलेला नाही.

१८५५ च्या कायद्यानंतरही मुंबई इलाख्यात ऋणको हिंदू असेल तर न्यायालये दामदुप्पट पाळत राहिली. कलकत्ता शहरातही ती चालली. मद्रासने ती नाकारली. आणि जिथे चालली तिथेही दावा दाखल होईपर्यंतच. एकदा प्रकरण कोर्टात गेले की पुढचे व्याज न्यायाधीशाच्या मर्जीवर. ज्या दिवशी माणसाला या नियमाची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवसापासून तो लागू नाही, असा हा प्रकार होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जखते जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. घरे लुटण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा जास्त भर होता. आपल्याला कशाने बांधले आहे हे त्या शेतकऱ्यांना नेमके कळले होते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याची एक तरतूद प्रत्येक बँक अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. कर्जाचा दावा आला तर न्यायाधीशाने समोरच्या खतावर थांबायचे नाही. पहिल्या व्यवहारापासून सगळा इतिहास काढायचा, मुद्दलाचे आणि व्याजाचे खाते वेगळे मांडायचे, आणि मधल्या कुठल्याही हिशेबात किंवा करारात व्याजाचे मुद्दल केले असेल तर ते मुद्दलाच्या खात्यात धरायचे नाही. आठव्या अध्यायापासून उघडी राहिलेली खांड या एका कलमाने बुजवली होती. पण हा कायदा सुरुवातीला पुणे, नगर, सोलापूर आणि साताऱ्यापुरता होता. नागपूर त्याच्या बाहेरच राहिले.

नागपूरची पाळी जागतिक मंदीनंतर आली. कापसाचे भाव कोसळले, आकड्यात कर्ज तेवढेच राहिले आणि ते फेडायला दुप्पट कापूस लागू लागला. १९३३ मध्ये मध्य प्रांताने ऋणसमेट कायदा केला, देशातला अशा तऱ्हेचा पहिला. ऋणको आणि धनको यांना एका मंडळापुढे बसवून कर्ज झेपेल इतके खाली आणायचे आणि हप्ते बांधायचे, ही त्यामागची कल्पना. पंजाब, बंगाल वगैरे प्रांतांनी पुढे हेच केले. १९३४ च्या सावकारी कायद्याने प्रत्येक सावकाराला हिशेब ठेवणे आणि दरवर्षी ऋणकोला त्याच्या खात्याचा उतारा देणे बंधनकारक झाले. त्यात कसूर झाली तर व्याजावर पाणी. १९३७ मध्ये आणखी एक छोटा कायदा आला, ऋणकोच्या संरक्षणाचा. वसुलीसाठी धमकावणे, मागे मागे फिरणे, घराभोवती किंवा कामाच्या जागी घिरट्या घालणे हा त्याने गुन्हा ठरवला. फोनवरून बायकामुलांना शिव्या देणारे वसुली एजंट आज बातम्यांत येतात, तेव्हा हा कायदा या शहराच्या विधिमंडळाने कधी केला होता, ते वर्ष मला आठवते. रिझर्व्ह बँकेने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नका, असे बजावले ते ऑगस्ट २०२२ मध्ये.

दामदुप्पटही या काळात धर्मशास्त्रातून कायद्याच्या पुस्तकात आली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याचे तेविसावे कलम स्वच्छ आहे: करारात काहीही असो, हुकूमनाम्याच्या दिवशी जेवढे मुद्दल बाकी असेल त्याहून जास्त व्याज न्यायालयाने देववू नये. आता ऋणकोचा धर्म पाहायची गरज उरली नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि हीच चौकट इथे आली. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ पासून, महाराष्ट्राने छोटे शेतकरी, शेतमजूर आणि ग्रामीण कारागीर यांची खाजगी सावकारांकडची कर्जेच संपवली. १९७७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो कायदा सर्वोच्च न्यायालयात उचलून धरला.

सावकारी आणि कर्जमुक्तीच्या या कायद्यांत एक अपवाद मात्र लिहिला गेला: बँका वगळून.

त्यामागचे कारण तेव्हा बरोबर होते. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सावकारांचा वाटा ६९.७ टक्के निघाला, सहकारी संस्थांचा ३.१ आणि व्यापारी बँकांचा ०.९. सावकाराला हटवायचे तर त्याच्या जागी बँक आणायची, आणि जिला आणायचे तिच्या पायात बेड्या कशाला घालायच्या? १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. अग्रणी बँक योजनेत नागपूर जिल्हा बँक ऑफ इंडियाकडे आला. सहकारी बँका, ग्रामसेवा सोसायट्या, पुढे नाबार्ड हे सगळे याच विश्वासावर उभे राहिले की संस्था सावकारासारखी वागणार नाही. अनेक वर्षे तो विश्वास पुष्कळसा खराही ठरला. ज्यांनी महिन्याला शेकडा पाचने पैसे काढले होते त्यांना सोसायटीतून वर्षाला बारा-तेरा टक्क्यांनी बी-बियाणे मिळाले, ही गोष्ट लहान नव्हती.

फेब्रुवारी १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम अमलात आले. बँकेने लावलेला व्याजदर भरमसाठ आहे, या कारणावरून कोणत्याही न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये, असे ते सांगते. १९१८ च्या जबर व्याज कायद्याने न्यायाधीशाला जो अधिकार दिला होता तो बँकेपुरता काढून घेतला. तेव्हापासून सावकाराला न्यायाधीश विचारू शकतो की हे व्याज एवढे कसे झाले, आणि बँकेला विचारू शकत नाही. २०१८ मध्ये जयंत वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, मात्र शेतीकर्जातून सोडवण्यासाठी राज्यांनी केलेल्या कायद्यांच्या आड ते येणार नाही असेही म्हटले. तरीही महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यात ‘कर्ज’ या शब्दाच्या व्याख्येतूनच बँकेचे कर्ज वगळले आहे, त्यामुळे या निकालाचा इथल्या शेतकऱ्याला फारसा उपयोग झालेला नाही.

त्याआधी, २००१ मध्ये, सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने व्याजाचे मुद्दल करण्याचा बँकांचा हक्क मान्य केला होता. पण शेतीकर्जाला त्यांनी वेगळे ठेवले. पिकाच्या फेऱ्यानुसार वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनीच ते करता येईल, त्याहून आधी नाही, असे सांगितले. माल हातात आल्याशिवाय शेतकऱ्याला पैसे दिसत नाहीत, हे न्यायालयाने ओळखले. आणि वर सांगितलेली रिझर्व्ह बँकेची सूचना आहेच: अल्पभूधारकाच्या पीककर्जावर व्याज मुद्दलाच्या वर नाही. कागदावर पाहिले तर दामदुप्पट बँकेतही शाबूत आहे.

आता शाखेत जाऊ. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर केंद्राच्या सवलतीने ते चार टक्क्यांवर येते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने शून्यावर. योजना चांगली आहे. वेळेत फेडणाऱ्याला तिच्यामुळे खरोखर दिलासा मिळतो. पण ज्याचा कापूस बोंडअळीने खाल्ला किंवा सोयाबीन ऐन काढणीच्या पावसात भिजले, त्यानेही ठरल्या तारखेला पूर्ण रक्कम भरली पाहिजे, नाहीतर सवलत जाते, खाते थकीत होते आणि नवे कर्ज मिळत नाही. मग तो आठ-दहा दिवसांसाठी नातेवाइकाकडून, अडत्याकडून नाहीतर खाजगी सावकाराकडून पैसे उचलतो, बँकेत भरतो आणि तीच रक्कम नव्या कर्जाच्या रूपाने बाहेर काढून ज्याची त्याला देतो. नवं-जुनं झालं. बँकेच्या पुस्तकात वसुली शंभर टक्के दिसते. शाखेलाही हेच सोयीचे असते, कारण दोन हंगाम थकलेले पीककर्ज अनुत्पादित ठरते. ज्याला फेडता येत नाही तो माणूस कुठल्याच नोंदीत दिसत नाही. त्या आठ-दहा दिवसांसाठी त्याने किती टक्के मोजले, हे तर कुठेच लिहिले जात नाही.

आणि दुष्काळात कर्जाचे पुनर्गठन होते तेव्हा? समजा मुद्दल एक लाख, व्याज साधे बारा टक्के आणि पाच वर्षे थकले. व्याज साठ हजार होते. दामदुपटीने या माणसाची सगळी जबाबदारी कधीही दोन लाखांच्या वर जाऊ शकत नाही. आता एक लाख साठ हजारांचे नवे खाते उघडले, तर मोजणी तिथून सुरू होते आणि मर्यादा तीन लाख वीस हजारांवर जाते. नियम कोणीही मोडलेला नाही. १८७९ च्या कायद्याने पुण्याच्या मुन्सिफाला जे करायला बंदी केली होती, ते संगणक एका नोंदीत करून टाकतो.

सगळ्यात वाईट अवस्था मात्र बँकेच्या दारातून परत फिरणाऱ्याची. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या पैशांचे काय झाले, हे या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. २००१-०२ मध्ये सरकारी रोखे घेण्यासाठी बँकेने सुमारे दीडशे कोटी रुपये होम ट्रेडसारख्या दलाल कंपन्यांना दिले आणि रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. त्या प्रकरणात बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार आणि इतरांना डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. केदारांनी त्याविरुद्ध अपील केले. खटल्याला वीसहून अधिक वर्षे लागली. तेवढ्या काळात बँक खिळखिळी झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सोसायट्यांच्या सभासदांनी इतर दारे शोधली. ज्या बँकेने शेतकऱ्याच्या प्रत्येक एकराचा हिशेब मागितला तिच्या संचालकांकडे त्याने हिशेब कुठे मागायचा होता, याचे उत्तर मला सापडत नाही.

इतर दारांपैकी एक कसे असते, तेही याच शहरात नोंदले गेले. खामगावच्या एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांनी महिन्याला दहा टक्क्यांच्या सावकारीची तक्रार केली आणि मुख्यमंत्री कार्यालयातून गेलेल्या फोनने ती नोंदवून घेणे अडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने राज्य सरकारला दंड केला. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाढवून दहा लाख रुपये केला आणि त्या फोनच्या वेळचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या हस्तक्षेपावर कठोर ताशेरे ओढले. महिन्याला दहा टक्के म्हणजे दहा महिन्यांत दुप्पट. स्मृतीने शूद्रावर लादलेल्या दराच्याही दुप्पट वेग.

या आणि अशा अनुभवांतून २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आला. पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन सावकाराने कर्जापोटी घशात घातलेली जमीन परत करण्याचा अधिकार त्याने जिल्हा निबंधकाला दिला. दामदुप्पट त्यातही आहे. दर असे ठरले: शेतकऱ्याला तारणावर नऊ टक्के, विनातारण बारा. इतरांना पंधरा आणि अठरा. म्हणजे वर्षाचे, महिन्याचे नव्हेत. दुर्बलाला दर कमी, अशी उलटी शिडी इतक्या स्पष्टपणे कायद्यात आलेली पाहून मला समाधान वाटले.

पण ते फार काळ टिकत नाही, कारण नागपूरच्या वस्त्यांत आणि उमरेड, मौद्याच्या गावांत आज घरोघरी पोहोचलेले कर्ज परवानाधारक सावकाराचे नाही. ते मायक्रोफायनान्सचे आहे, बायकांच्या गटाच्या नावावरचे, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या हप्त्याचे. २०१६ च्या नोटाबंदीनंतर मजुरी बुडाली, हप्ते थांबले आणि विदर्भातल्या बायका मायक्रोफायनान्सविरुद्ध मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. या संस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत, म्हणून राज्याच्या सावकारी कायद्याबाहेर. एप्रिल २०२२ पासून त्यांच्या व्याजावर आधी असलेली मर्यादाही काढली गेली. विनातारण कर्ज, वीस टक्क्यांच्या वरचे दर सर्रास, आणि घेणारी सगळ्यांत गरीब. त्याच नियमावलीने मात्र एक महत्त्वाची गोष्टही आणली: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. रामजी अनंताला तवानगी पाहायला सांगितली होती. इतक्या काळाने ती पुन्हा नियमात आली, याचे स्वागत केलेच पाहिजे. फक्त हे उत्पन्न ठरवतो कोण? धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, वीटभट्टीवरच्या जोडप्याचे उत्पन्न ज्याला कर्जवाटपाचे उद्दिष्ट पूर्ण करायचे आहे तोच फॉर्मवर लिहितो. तो आकडा चुकला तर तोटा तिचा, त्याचा नाही.

दक्षिण आफ्रिकेने इथे एक पाऊल पुढे टाकले आहे. रोमन-डच कायद्यातून आलेली तिथली दामदुप्पट २००५ च्या राष्ट्रीय पतकायद्याने व्याजापुरती न ठेवता सगळे शुल्क आणि दंड मिळून मोजायला लावली. शिवाय ऐपत न तपासता दिलेले कर्ज बेजबाबदार ठरवून न्यायालय त्याची वसुली थांबवू शकते, ते रद्दही करू शकते. चूक देणाऱ्याची असेल तर भुर्दंडही देणाऱ्याला.

आपण त्याऐवजी कर्जमाफी निवडली आणि तिच्या घोषणा पुष्कळदा नागपुरातच झाल्या. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज इथे जाहीर केले. त्यात थकलेले व्याज माफ करण्यासाठी ७१२ कोटी होते. नागपूर जिल्हा त्या सहांत नव्हता. २००८ च्या देशव्यापी माफीत पाच एकरांच्या आतल्यांचे पूर्ण कर्ज गेले. पण कोरडवाहू विदर्भात आठ एकरांचा शेतकरी ओलिताखालच्या दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असू शकतो, आणि तो या पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. दामदुपटीच्या सूचनेतही तो याच पाच एकरांमुळे बाहेर आहे. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची माफी झाली. डिसेंबर २०१९ च्या नागपूर अधिवेशनात महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने दोन लाखांपर्यंतची. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस शेतकऱ्यांनी पुन्हा ट्रॅक्टर घेऊन नागपूरजवळचा महामार्ग अडवला आणि सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे सांगितले.

माफी द्यायलाच हवी, असे मी मानतो. भाव पाडून आणि आयात करून ज्याचे उत्पन्न सरकारने कमी केले, त्याच्या कर्जात सरकारचा वाटा आहे. पण माफीच्या दुसऱ्या दिवशी तोच शेतकरी त्याच शाखेत सातबारा घेऊन उभा राहतो. आता त्याला सिबिलही विचारतात, राज्य सरकारने पीककर्जाला सिबिल लावू नका असे वारंवार बजावूनही. म्हणून माफीबरोबर तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत आणि तिन्ही आपल्याच जुन्या कायद्यांत आहेत. १९३४ प्रमाणे प्रत्येक ऋणकोला दरवर्षी मराठीत खात्याचा उतारा. १८७९ प्रमाणे नव्या-जुन्या कागदांमागचे मूळ मुद्दल आणि त्याची तारीख त्या उताऱ्यावर पहिल्या ओळीत, आणि दुपटीची मोजणी त्या तारखेपासून. आणि १९३३ प्रमाणे तालुक्याला एक मंडळ, जिथे बँक, मायक्रोफायनान्स संस्था आणि सावकार तिघांनाही ऋणकोसमोर आपापले हिशेब घेऊन बसावे लागेल.